शेवटची चार पानं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. पण त्याआधी एक सांगू? ‘गोदाम नंबर सात’ बघितला नसेल तर बघा. मोबाइलवर फुकट आहे, पावणेदोन तासांचा. नाव ऐकलं नसेल — कुणीच ऐकलेलं नाही. का ऐकलं नाही, तेच सांगायला बसलोय.

गुप्तहेराचा सिनेमा आहे. आपल्या जालना जिल्ह्यातला, आपल्या बोलीतला. निलंबित झालेला एक हवालदार मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकून बसलाय, आणि मोसंबीच्या एका व्यापाऱ्याचं प्रेत गोदामात सापडतं. असल्या सिनेमांत नेहमी पाऊस पडत असतो, ओले रस्ते चमकत असतात. आमच्याकडं कुठला आलाय तेवढा पाऊस! प्रकाशनं — दिग्दर्शक तो, राजूरच्या शाळेत माझ्याच हाताखाली शिकलेला — सगळा सिनेमा भर उन्हात काढला. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि पत्र्याच्या शेडखाली मिट्ट काळोख. माणूस त्या काळोखात पाऊल टाकतो आणि बघणाऱ्याचा श्वास अडकतो. कॅमेरा फिरवायला मोसंबीचा हातगाडा होता, उजेड पाडायला थर्माकोलचे पांढरे तक्ते. सांगताना आजही माझी छाती फुगते. त्यातल्या संवादांची बोली सुधारून दिली ती मी. शेवटी माझं नाव येतं. भराभर जातं, नीट बघा.

बढाई मारतोय असं वाटतंय ना? मारतोयच. ती खोडच आहे माझी, आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

शूटिंग सुरू व्हायच्या दिवशी प्रकाशनं सगळ्यांना राजूरच्या गणपतीसमोर उभं केलं. नारळ फोडला आणि शपथ घ्यायला लावली — खुनी कोण, हे सिनेमा लागेपर्यंत बाहेर बोलायचं नाही. पटकथेची शेवटची चार पानं तर त्यानं कुणाला दिलीच नाहीत. ती माझ्या कपाटात, कुलपात. ज्यांचं काम होतं त्यांना त्याच दिवशी द्यायची. बाकीच्यांना आपापल्या प्रसंगापुरती पानं. एवढा विश्वास माझ्यावर कुणी कधी टाकला नव्हता.

आता दगडूबाविषयी सांगतो. केदारखेड्याचा मेंढपाळ. सिनेमात त्याचा एकच प्रसंग आहे. मेंढरं रस्ता ओलांडत असतात आणि हवालदार विचारतो, कालचा टेंपो पाहिला का? दगडूबा त्याच्याकडं बघतही नाही. म्हणतो, “म्या मेंढरं मोजतो सायेब, टेंपो न्हाई.” सिनेमा बघितलेला माणूस हे वाक्य हटकून आठवतो. ते मी लिहिलं असं मी सगळ्यांना सांगतो. मी लिहिलेलं वेगळंच होतं. हे त्याचं आहे, तिथल्या तिथं तोंडातून आलेलं. त्याला वाचता येत नाही, त्याचं पान मीच त्याला वाचून दाखवलं होतं. त्या पानापलीकडचं त्याला काही ठाऊक नव्हतं. माणूस मात्र तोंडाचा मोकळा. बाजारात भेटेल त्याला शूटिंगच्या गमती सांगायचा — हातगाड्यावरचा कॅमेरा, थर्माकोल, उन्हात घामाघूम झालेला हवालदार. हे लक्षात ठेवा.

सिनेमा जालन्यात लागायच्या आठ दिवस आधी आष्टीला सासुरवाडीत लग्न होतं. पंगतीत माझ्या शेजारी माझा साडू. ट्रॅक्टरवाला, चार माणसांत रुबाब. मला म्हणाला, “गुरुजी, पिच्चरमधी तुम्ही नेमकं करून काय राह्यले?” मी म्हणालो, बोली सुधारतो. “म्हंजी शुद्धलेखन?” — आणि पंगतीत हशा पिकला.

काय करायला हवं होतं मी? हसून भात कालवायचा होता. तेवढंच. पण मला ते चार लोकांतलं हसू सोसलं नाही. मी त्याच्याकडं वाकलो आणि म्हणालो, खुनी कोण हे अख्ख्या जिल्ह्यात फक्त मला माहीत आहे. आणि सांगितलं. वरणाची बादली ओळीच्या टोकाला पोचायच्या आत माझी बातमी तिथं पोचली होती. आणि खरं सांगू? लोक वळून वळून माझ्याकडं बघत होते तेव्हा मला फार बरं वाटलं.

वर त्या सगळ्यांना मीच सिनेमाचं आमंत्रण दिलं. दोन जीप भरून आले.

जालन्यातलं थिएटर भरलेलं होतं. दहाव्या मिनिटाला तो माणूस पहिल्यांदा पडद्यावर आला — कोण, ते मी इथं लिहिणार नाही — आणि मागून कुणीतरी ओरडलं, “ह्योच हाय खुनी!” मग शिट्ट्या. तो पडद्यावर आला की शिट्ट्या, हवालदार दुसऱ्याच्या मागं लागला की हशा. मध्यंतरात निम्मं थिएटर उठून गेलं. प्रकाश दाराशी उभा होता, पाठ भिंतीला लावून. त्यानं तीन वर्षं घातली होती त्यात. त्याच दिवशी सिनेमा उतरवला, आणि पुन्हा कुठं लागला नाही.

इथवर सांगणं सोपं होतं. आता जे आहे ते — असो, सांगतो.

संध्याकाळी प्रकाश माझ्या घरी आला. चहाला हातही लावला नाही त्यानं. “सर, कुणी फोडलं असंल?” एवढंच विचारलं. माझ्यावर संशय त्याच्या मनातही नव्हता. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी गप्प बसलो नाही. मी म्हणालो, “दगडूबाचं तोंड सैल आहे, तुला माहीतच आहे. कान लावून बसायचा सगळीकडं.”

प्रकाशनं माझ्यासमोरच त्याला फोन लावला. काय काय बोलला ते लिहवत नाही. दगडूबा पलीकडून काहीतरी सांगत होता. बराच वेळ सांगत होता, मी ऐकून घेतलं नाही. त्यानंतर तो बाजारात दिसायचा तो मान खाली घालून. मी दुसरा रस्ता धरायचो. साडूला दगडूबा माहीत नाही, प्रकाशला साडू माहीत नाही. दोन्ही टोकं माझ्या एकट्याच्या हातात राहिली. अशी सहा वर्षं गेली, आणि या सहा वर्षांत मी भेटेल त्याला हा सिनेमा बघायला सांगत आलो. एसटीत शेजारी बसलेल्याला, शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही. कौतुक ऐकलं की वाटायचं, काहीतरी फिटतंय. काय फिटणार होतं?

यंदा मतदार यादीच्या कामात मला केदारखेडा आलं. घरोघर जायचं, टाळता येईना. दगडूबानं मला ओळखलं, बाज टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितला. मग मुलानं घेऊन दिलेला मोबाइल पुढं केला. “गुरुजी, आपला पिच्चर लावता का ह्याच्यात? म्या बघितलाच न्हाई.” सिनेमा लागला त्या दिवशी तो मेंढरांमागं होता, दुसऱ्या खेळाला येणार होता. दुसरा खेळ झालाच नाही. आणि ज्यानं गुपित फोडलं म्हणतात, त्याला खुनी कोण हे कशाला कोण सांगेल?

मी लावून दिला. स्वतःचा प्रसंग आला तेव्हा तो लाजला. पुढं मात्र हलला नाही. तीनदा त्यानं खुनी ओळखला, तिन्ही वेळा चुकला. आणि ती शेवटची चार पानं आली तेव्हा दगडूबा बाजेवरून अर्धा उठला. “आगाई! ह्यो?” प्रकाशला जे हवं होतं, अख्ख्या थिएटरकडून हवं होतं, ते हेच. मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. सिनेमा खरंच तसा आहे हो. बघा तुम्ही.

त्याची बायको चहा घेऊन आली. “कोण निघाला खुनी?”

“बस अन् पहिल्यापासून बघ,” दगडूबा म्हणाला. “म्या न्हाई सांगणार.”

ती हसली. “आता न्हाई सांगणार! तवा तर समद्या जालन्याला सांगून बसल्ते.”

 आपण सांगितलं नाही, हे दगडूबानं इतक्या वर्षांत बोलून पाहिलं असणार, घरातसुद्धा. त्यानं मोबाइल माझ्याकडं दिला, तिच्यासाठी पहिल्यापासून लावून द्या म्हणाला. मी लावून दिला. चहा संपवला, दोघांची नावं यादीत तपासली, आणि पुढच्या घराची कडी वाजवली.