दोन इंचांची जीप

सानगडीचा मिस्त्री माझ्याशी बोलतानाही जीपकडेच बघतो. गेल्या हंगामात ती धानाच्या बांधावर पोट टेकून अडकली, तेव्हा अड्याळचा व्यापारी बाजारभर हसला. म्हणून मी मिस्त्रीला म्हणालो, "त्याच्या जीपसारखी चार इंच उचल."

"जुनी गाडी हाय, जास्त उचलली तं उतारावर पलटन. दोनच. भाऊ, जीप पाहिजे का मचान?"

मी शिव्या दिल्या. त्यानं खर्रा चघळत दोनच इंच उचलली.

काल मी तलावाच्या पाळीवरून जीप तिरपी नेताना मिस्त्री स्वतः उताराच्या बाजूला बसला. पुढे व्यापाऱ्याची उंच जीप एका अंगावर कलली होती.

"भाऊ, दोर लावा ना!" व्यापारी मला म्हणाला.

मी ते दोनदा म्हणवून घेतलं. मग मिस्त्री ओरडला, "काय म्हनता शेठ? आयकू नाही आलं!"