आबांच्या हातचा तुकडा

सुभेदार आबांसारखा ताठ माणूस मी दुसरा पाहिला नाही. जेवायला बसले तरी त्यांची पाठ भिंतीला लागायची नाही. आटपाडीहून लग्न होऊन मी या उसाच्या मुलखात आले, तेव्हा पलटणीतून पेन्शनीवर आलेले आबा आमच्या समोरच राहत होते. गल्लीतल्या सुनांची विचारपूस ते हजेरी घेतल्यासारखी करायचे, आणि तरी मला आवडायचे. माझ्या माहेरचं कुणी आलं की एसटीवर सोडायला स्वतः जायचे.

त्यांचा सगळा जीव कुत्र्यावर. त्याला त्यांनी नाईकाचा हुद्दा दिला होता. पाहुणे आले की आबा त्यांना नाईकापुढे मटणाचा तुकडा टाकायला लावायचे. त्याची लाळ गळायची, पण तो तोंड लावायचा नाही. तोच तुकडा आबांनी उचलून हातावर धरला की मग खायचा. "शिस्त हाय," आबा म्हणायचे. त्यांच्या बायकोला, जिजींना, हा खेळ बघवत नसे.

मग दवंडी फिरली. कुत्री पट्टा घालून बांधा, मोकाट दिसेल त्याला नगरपालिका विष घालणार. आबांना हुरूपच आला. शेजारच्या शेवंताची कुत्री नुकतीच व्यालेली, तिला बांधून ठेवणं शेवंताच्या जिवावर आलं. नगरपालिकेचा माणूस काणाडोळा करून पुढे निघाला होता, त्याला आबांनीच परत बोलावलं. शेवंता रडत म्हणाली, "आन उद्या तुमचा सुटला तर वो आबा?"

"त्योबी जाईल. नियम म्हंजे नियम."

कुत्री मेली. तिची पिलं घरामागच्या परड्यात केकाटत राहिली आणि एकेक करून गप्प झाली.

पुढच्याच फेरीला नाईक पट्ट्यातून मान काढून गल्लीत उंडारत होता. त्या माणसानं विषाचा तुकडा टाकला, नाईकानं हुंगलाही नाही. माणसालाही बरंच वाटलं. "बांधा आबा, म्या काय बघितलं न्हाई," तो म्हणाला. शेवंता दारात उभी होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं, वाकून तुकडा उचलला आणि हातावर धरला. नाईक शेपूट हलवत आला.

तो त्यांच्या पायाशीच तडफडला. आबा शेवटपर्यंत ताठ उभे होते. त्या ताठ पाठीची मला तेव्हा किळस आली.

त्या दिवसापासून जिजी त्यांच्या हातात काही देईनात. ताट पुढ्यात सरकवायच्या आणि मागे सरून उभ्या राहायच्या. एकदा मी भाजी द्यायला गेले, तर आबा ताटाकडे नुसते बघत बसले होते, भिंतीला टेकून.

"खावा," जिजी म्हणाल्या. "इख न्हाई त्यात."