उतारावर चालू होणारी गाडी

बुलढाण्यात आमची गल्ली उताराची आहे, आणि बरीच वर्षं माझी सगळी इभ्रत त्या उतारावर उभी होती. आमची तीन सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी चावीने चालू व्हायची बंद झाली होती. मी तिचं तोंड खाली करून ठेवायचो. सकाळी ब्रेक सोडायचा, गाडीने वेग घेतला की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. ती दोन-चार आचके देऊन गल्ली जागी करत सुरू व्हायची. शेजारी म्हणायचे, "हे गाडी फक्त सरांचंच ऐकते." मी नाही नाही म्हणत ते पुन्हा ऐकायला थांबायचो.

मग बायकोची बदली मोताळ्याच्या शाळेत झाली. "मले रोज गाडी लागन," ती म्हणाली. लायसन्स तिच्याकडे कधीचं होतं, गाडी मात्र मी दिली नव्हती. ही गाडी समजायला वेळ लागतो, असं मी तिला समजावलं.

"समजली मले. पण मोताळ्यात उतार कुठून आणू? शाळा सुटल्यावर पोरांले धक्का माराले लावू काय?"

दुरुस्ती करणं भाग होतं. आणि मला भीती वाटली. गाडी चावीने चालू व्हायला लागली तर या घरात माझं काय काम उरणार? हा प्रश्न इतका क्षुद्र होता की कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

बॅटरी नवी होती, स्टार्टर तर नको इतका गरगर फिरायचा. म्हणजे सिलिंडरमध्ये जो दाब तयार व्हायला हवा तो कुठेतरी गळत होता. पिस्टनच्या रिंगा गेल्या, असं मी चहाच्या टपरीवर जाहीर करून टाकलं. दोघांनी मान डोलावल्यावर तर मला खात्रीच पटली.

गॅरेजवाल्या मित्राकडून दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज आणलं, तिन्ही प्लग काढले. एकेका भोकात मी गेज दाबून धरायचं आणि कोणीतरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून बायकोला स्टिअरिंगवर बसवलं. "बाकी कशाले हात लावू नको," मी बजावलं. दोन सिलिंडर ठीक निघाले. मधल्याचा काटा अर्ध्यावरच अडला.

आता माझी खास परीक्षा. त्या भोकात चमचाभर ऑइल टाकायचं. रिंगा झिजल्या असतील तर ऑइलने फट बुजते आणि काटा वर चढतो. स्वयंपाकघरातला चमचा घेतला. काटा चढला नाही. आणखी ऑइल ओतलं. तरी नाही.

"रिंगा नाहीत ना मंग?" बायकोने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मी चमचा शर्टाला पुसला.

गॅरेजमध्ये मित्राने त्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडली, तर ती सायलेन्सरमधून फुसफुसत बाहेर आली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळला होता, बंद असतानाही नीट बसत नव्हता. इंजिनचं हेड उतरवलं, नवा व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासून बसवला. टपरीवर मी काही दिवस गेलो नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी सोबत म्हणून डावीकडे बसलो. तिने चावी फिरवली, आणि इंजिन लगेच सुरू झालं. दिवसभर मी मोताळ्याच्या बाजारात उगाच भाजी पाहत हिंडलो. परत येताना राजूर घाटात गिअर बदलायला सांगण्यासाठी मी तोंड उघडायचो, तोवर तिने तो बदललेला असायचा.

"उद्यापासून तुम्ही नका येऊ," वर पोचल्यावर ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. "तुम्ही तिथं पाय दाबून राह्यले, मले भेव वाटते."

मी खाली पाहिलं. जिथे ब्रेक नसतो तिथे माझा पाय जोर लावून बसला होता.

दुसऱ्या दिवशी उठलो तर ओट्यावर माझा चहा झाकून ठेवलेला होता. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. कप घेऊन मी गल्लीत आलो. गाडी जागेवर नव्हती. ती कधी सुरू झाली आणि कधी गेली, मला ऐकूच आलं नव्हतं.