येसूबाई नागपूरला जाऊन आल्या

माझ्या सासूबाई, कडावच्या येसूबाई, तीस वर्षांत एकदाही गावाबाहेर मुक्कामाला राहिलेल्या नाहीत. त्यांची म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही, आणि तिची आईही तशीच हट्टी होती. लग्न असो की मयत, संध्याकाळच्या धारेला बाई घरी हजर.

तूप विकायला मी त्यांना फोनवर खातं उघडून दिलं. चौथ्या दिवशी त्यावर मेसेज आला: ‘आत्ता नागपूरहून लॉगिन झालं. तुम्हीच का?’

मी हादरले. “आई, चोर शिरलाय! ‘नाही’ दाबा!”

पण लॉगिन तर त्यांनीच नुकतं माझ्यासमोर केलं होतं. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या माझ्या भावाला, योगेंद्रला फोन लावला. तो हसत सुटला. “ताई, आपलं नेट कंपनीच्या ज्या शहरातल्या केंद्रातून फिरून येतं, त्या शहराचं नाव दिसतं. नुसता अंदाज असतो तो.”

सासूबाईंचे डोळे चमकले. “म्हंजे मी हितं बसून नागपूरला जाऊन आले?” आणि त्यांनी ठसक्यात ‘हो, मीच’ दाबलं.

तेव्हापासून घरात नुसता उच्छाद! पुणे झालं, अहमदाबाद झालं, प्रत्येक वेळी अख्ख्या आळीला बातमी. हैदराबाद आलं त्या दिवशी तर मला शिरा करायला लावला.

काल मात्र चक्क ‘कर्जत’ आलं. मी ओरडलेच, “आई, आज बरोबर आपला तालुका सापडला!”

त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि गोठ्याकडे बघत म्हणाल्या, “आज म्हस आडवी आली वाटतं.”