डब्यातली नाणी

सलूनवाल्या काकांचे वडील कंपवाताने गेले. तेव्हापासून आरशाखाली मेंदूच्या आजारांवरच्या संशोधनासाठी मदतीचा डबा असे. सुटे परत मागणाऱ्याला काका म्हणत, "टाका त्यात. आम्ही डोकं बाहेरून बघतो, ते आतून!"

संशोधन केंद्रातली ताई डबा न्यायला आली, की ते तो खुळखुळ्यासारखा वाजवून देत. आज थट्टा सुचेना. सकाळीच एका गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला होता. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घट्ट धरून पुढे केला.

"पुरे काका, कळलं भरलाय ते! वाजवू नका," ताई हसली.

काका वाजवत नव्हते.

"ताई, औषध कधी निघेल हो?"

नाणी खुळखुळतच राहिली.