पाळण्याचं बेअरिंग

वाशीला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक फिटर राहत. कुणाच्याही घरी गेले की ते आधी पंख्याकडे बघत, मग माणसांकडे. "आवाज करतोय," म्हणत, आणि चहा येईपर्यंत स्टुलावर चढलेले असत.

एका मे महिन्यात त्यांच्या अँबॅसिडरमधून माझ्या तिन्ही पोरांना घेऊन आम्ही बंगलोरला निघालो. हुबळीच्या अलीकडे रस्त्याकाठी आनंदमेळा लागला होता. मोठा पाळणा बघून पोरं ओरडली आणि फिटरांनी चक्क गाडी थांबवली. मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली.

ते उतरले आणि पाळण्याच्या खांबाला कान लावून उभे राहिले.

"बेअरिंग कोरडं पडलंय. पोरांना असं बसवायचं नाय."

त्यांनी डिकीतून पाने आणि ग्रीसचा डबा काढला. पाळणेवाला अर्धा तास भांडला, मग पाने हातात देऊ लागला. चार तासांनी ते एकटेच पाळण्यात बसले आणि डोळे मिटून पाच फेऱ्या घेतल्या. मग उतरून त्यांनी घड्याळ बघितलं.

"आता कुनीपन बिनधास्त बसावं. पन आपल्याला टाइम नाय, चला."

गाडी निघाली. मागच्या सीटवर तिन्ही पोरांनी भोकाड पसरलं होतं. त्यांनी काच खाली केली, मागे फिरणाऱ्या पाळण्याकडे कान दिला आणि समाधानाने मला म्हणाले, "ऐका. जरा तरी आवाज येतोय का?"