तिसऱ्या मागाची शेपटं

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. यवतमाळच्या दवाखान्यातून त्यांची मुलगी मंगला बोलत होती. "आई गेली मॅडम... पहाटीच गेली." मी फोन ठेवला, तव्यावरची भाकरी उलटली, आणि खोटं कशाला सांगू, मला आधी रडू आलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. चला, आता कोणाला कळायचं कारण नाही, असं मनात आलं. माणूस जाऊन दोन तास झाले नव्हते आणि माझ्या मनात हे! रडू मग आलं, भरपूर आलं, पण त्यातलं विमलताईंसाठी किती आणि स्वतःसाठी किती, हे आज सहा आठवड्यांनंतरही मला सांगता येत नाही. गेलेल्या माणसावर लिहायचं तर त्याचे गुण सांगावेत अशी रीत आहे. सांगते. पण माझं एक कृत्य सांगितल्याशिवाय त्यांचे गुण सांगायचा मला हक्क नाही.

दिग्रसला आमच्या वस्तीतल्या विहारामागे एक लांबट खोली आहे, पत्र्याची. तिथे तीन हातमाग आहेत. कधीकाळी बायकांना विणकाम शिकवायचं म्हणून ते आले, शिकवणारा सहा महिने टिकला, आणि मग मागांवर वाळवणं पडू लागली. विमलताई त्या खोलीत आल्या त्या कोणी बोलावलं म्हणून नाही. जिनिंगमधून घरी जाताना त्यांनी खिडकीतून आत पाहिलं आणि मागावर वाळत घातलेली गोधडी पाहून त्यांचं डोकं फिरलं. त्यांचं माहेर कोष्ट्यांचं. वडील उभा जन्म मागावर बसले आणि शेवटी तो माग चुलीत गेला. लग्नानंतर या बाईच्या नशिबी रुईतली घाण वेचणं आलं. त्या दिवशी त्यांनी गोधडी उचलून बाहेर फेकली म्हणतात. पुढच्या रविवारपासून वर्ग सुरू झाला तो त्यांनी नऊ वर्षं चालवला. दर रविवारी दुपारी बारा ते पाच. फी नाही, हजेरी नाही. यायचं आणि बसायचं.

मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर गेले. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेली, त्यामुळे ताठा होताच. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता. विमलताई चौथी शिकलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा पंचा पाहिला, एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथून उसवा." बस, एवढंच. रागावणं नाही, समजावणं नाही. कोणाचीही चूक असो, बोट ठेवायचं आणि उसवायला सांगायचं. तांड्यावरून येणारी लीला त्यांना याडी म्हणजे आई म्हणायची, तीही त्यातून सुटली नाही. मी सगळ्यांत जास्त उसवलं. माझा हात चालेना तेव्हा त्यांनी मला दुसरं काम दिलं. "मास्तरीणबाई, हात नाही चालत तं तोंड तरी चालवा," म्हणून रविवारची पुरवणी माझ्या पुढ्यात टाकली. तेव्हापासून बायका विणायच्या आणि मी मोठ्यानं वाचून दाखवायची. पाककृतीपासून निधनवार्तांपर्यंत सगळं. बायका हसायच्या, मीही हसायची, पण आत कुठेतरी ते लागलेलं होतं.

आता ज्यावर सगळं अडलं ते सांगते. मागावरचे उभे दोरे म्हणजे ताणा. त्यातला एकेक दोरा एकेका फाशातून आणि मग फणीतून ओवलेला असतो. कोणता दोरा कोणत्या फाशातून, यावर नक्षी ठरते. ताणा विणून संपला की कापड कापून घेतात, पण सगळं कापत नाहीत. फाशांत आणि फणीत अडकलेली हातभर टोकं तशीच ठेवतात. विमलताई त्यांना शेपटं म्हणायच्या. नवा ताणा आला की त्याचा एकेक दोरा एकेका शेपटाला सांधायचा, बोटांना चिमूटभर राख लावून, म्हणजे दोरा निसटत नाही. मग हळूच ओढून घेतलं की जुन्याच वाटेनं नवा ताणा आत येतो. पुन्हा ओवायला नको. सांधणीला अख्खा रविवार जायचा. दोघी दोघी समोरासमोर बसायच्या, मध्ये राखेची डबी. वर्गातले सगळ्यांत चांगले रविवार तेच. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या गुडघ्याचं, सगळं त्या राखेच्या डबीवरून बोलणं व्हायचं.

दोन मागांवर साधे पंचे आणि चादरी निघायच्या. तिसऱ्या मागावर मात्र काठाला ओंबी यायची... गव्हाच्या ओंबीसारखी बारीक नक्षी, दोन्ही बाजूंना, उभी. ती विमलताईंच्या वडिलांची. तो माग त्यांनी एकटीनं दोन रविवार बसून ओवला होता, तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत. मी एकदा विचारलं की आम्हाला हे कधी शिकवणार? तर म्हणाल्या, कायले? ते एकदाच करा लागते, शेपटं ठेवली की जन्मभर पुरते. मला वाटलं, बाई लपवते. तसं काही नव्हतं. मागाला सगळं ठाऊक आहे, तर माणसाला वेगळं कशाला शिकवायचं, इतका सरळ हिशेब होता त्यांचा.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला तिसऱ्या मागावर बसवलं. मी महिनाभर खपून एक शाल काढत आणली. वर्ग बघायला पाहुण्या बाई आल्या होत्या, नगरपालिकेतल्या, मी मोठ्या तोऱ्यात त्यांना शाल दाखवत होते. विमलताई आल्या, वीतभर मागे एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथून उसवा." पाहुण्यांसमोर! एकतीस वर्षं मी पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या, आणि आता माझ्यावर... मी उसवलं, पुन्हा विणलं, शाल उतरवली आणि त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांना ते कळलंसुद्धा नसेल. नंतरच्या रविवारी त्या आल्याच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. चार रविवार झाले. फोन उचलत नव्हत्या. पुष्पा, म्हणजे विहाराशेजारच्या घरातली, म्हणाली की रागावल्या असतील. मलाही तेच वाटलं. नाकावर राग असलेल्या माणसाला सगळ्या जगाच्या नाकावर राग दिसतो. त्यांच्या पोटात गाठ होती आणि अन्न टिकत नव्हतं, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

एका बुधवारी मी खोली झाडायला गेले. माझ्याकडे एक चावी होती, दुसरी विमलताईंकडे. तिसऱ्या मागावर शेपटं लोंबत होती, मळकट, कोळिष्टकं धरलेली. नवा ताणा कोपऱ्यात तयार पडला होता. चौथी शिकलेल्या बाईला जे येतं ते मला न यायला काय झालं, हे शब्द मी मोठ्यानं बोलले, रिकाम्या खोलीत. वहीत क्रम लिहून घ्यायला बसले. पंचवीस-तीस दोरे लिहिले असतील, मग कंटाळा आला आणि वाटलं, एवढं काय त्यात, कळला प्रकार. कात्री घेतली आणि स्वतःच नव्यानं ओवायचं म्हणून शेपटांचे गाठ मारून बांधलेले झुपके कापले. उरलेली टोकं सर्रकन निसटून खाली आली. फासे सगळे रिकामे लोंबत राहिले, सगळे सारखे. मी वही उघडली, बघितलं, बंद केली. संध्याकाळपर्यंत ओवून पाहिलं. काही जुळेना. मग कापलेली शेपटं कागदात गुंडाळली आणि घरी आले.

रविवारी बायकांनी रिकामा माग पाहिला. लीला तोंडावर हात ठेवून उभी राहिली. पुष्पा म्हणाली, विमलताईनंच कापलं असंल, तिच्यापाशी चावी हाये ना, आपली नक्षी दुसऱ्याले जाऊ नये म्हणून. मी चष्मा पुसला. बोलायला एक क्षण होता आणि तो मी चष्मा पुसण्यात घालवला. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. पुढच्या रविवारपर्यंत यवतमाळहून निरोप आला की विमलताई दवाखान्यात आहेत आणि आता काही खरं नाही.

मी एकटीच गेले, दारव्ह्यावरून जाणाऱ्या गाडीनं. वॉर्डात त्यांची खाट सापडेना, दोनदा पुढून गेले, इतकं ते शरीर आटलं होतं. मला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. तब्येतीचं मी विचारलं, त्यांनी हातानंच बाजूला सारलं.

"तिसऱ्या मागाची शेपटं हायेत ना, मास्तरीणबाई? उंदरानं तं नाही कुरतडली?"

"आहेत," मी म्हणाले.

"मंग झालं." त्यांनी डोळे मिटले, थोड्या वेळानं उघडले. "मी नसली तरी चालते मंग. तुमचा हात आता बसला हाये. ओंबी तुम्हीच इना. फक्त सांधत जा..."

त्यांचं डोकं शाबूत होतं. जीभ चालत होती. माझ्या पर्समध्ये पेन होतं, वही होती. मी एवढंच म्हटलं असतं, की विमलताई, माझ्या हातून कापली गेली, आता कसं ओवायचं ते सांगा, तर त्यांनी खाटेवर पडल्या पडल्या बोटांवर मोजून सांगितलं असतं. रागावल्या नसत्या. बोट ठेवलं असतं. त्यानंतर त्या नऊ दिवस जगल्या आणि मी पुन्हा गेले नाही.

तेरवीला पंगत उठताना पुष्पा कोणाला तरी म्हणाली, बाई गुणाची होती, पण हातातलं कोणाले देल्लं नाही. मंगलाच्या हातात वाढायचं भांडं होतं. तिनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी नेरला सासरी परत जाण्याआधी ती खोलीवर आली, मला दार उघडायला लावलं, तिसऱ्या मागापुढे उभी राहिली. "आईनं खरंच कापलं का हो मॅडम? मले म्हणे, तुले कायले शिकवू, माग हाये ना. आन् मागच रिकामा करून गेली..."

मी मूग गिळून बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी बोलले. "आजारात माणसाचं मन ठिकाणावर राहत नाही बेटा," असं मी बोलले. शिक्षिका होते ना, समजूत घालायची सवय. मंगलानं मान हलवली, मागाची लाकडं पदरानं पुसली आणि नेरची गाडी धरायला निघून गेली. स्वतःच्या आईबद्दल ती काय घेऊन गेली, ते मी दिलेलं आहे.

वर्ग चालू आहे. दोन मागांवर पंचे निघतात. तयार शाल पुढे ठेवून आम्ही तिसरा माग तीनदा ओवून पाहिला, ओंबी आडवी पडते, नाहीतर मध्येच मोडते. कोणी जाणकार येऊन लावून देईलही कधी, ते वेगळं. ओंबी निघाली तरी विमलताईंवर ठेवलेला बोल निघणार नाही. तेवढ्यासाठी हे लिहिलं आणि रविवारच्या पुरवणीला दिलं, या रविवारी छापून येईल. कापलेली शेपटं मी टाकली नव्हती, गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली आहेत. त्यांचा आता काही उपयोग नाही, क्रमच उरला नाही. तरी मंगलाच्या हातात द्यायची आहेत. मी तिला फोन करून या रविवारी वर्गावर ये म्हटलं आहे. का, ते सांगितलं नाही. ती येते म्हणाली, बिचारी, आईच्या जागेवर कोणी बोलावलं याचंच तिला अप्रूप.

राखेची डबी खिडकीत आहे, विमलताईंनी ठेवली तिथेच. तिच्याशेजारी मी नेहमीसारखी बसेन. बायका विणायला लागतील आणि लीला म्हणेल, वाचा मॅडम. पुरवणी माझ्या पुढ्यात असेल आणि हे पान मलाच मोठ्यानं वाचायचं आहे, मंगला समोर बसलेली असताना.